बोलशील तर निकालापर्यंत सोबत राहा

तू विचारलंस ते फार बरं केलंस, बाई. तालुक्यात कुठे खून झाला, एखाद्या पोरीवर अत्याचार झाला, कुणाला जमावाने मारलं, की अर्ध्या तासात तुझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. 'ताई, तुमची पोस्ट अजून आली नाही.' तुझं पेज सांभाळणारी पोरं बॅनर तयारच ठेवतात. काळी पट्टी, मेणबत्ती, 'जाहीर निषेध' आणि खाली हात जोडलेला तुझा फोटो. लिहिलं नाही तर सरपंचबाई गप्प का, आणि लिहिलं तर सरपंचबाई राजकारण करतात. या दोन्हींच्या मधे तू अडकलीस, आणि 'ताई, मी काय करू' म्हणून मला विचारलंस. आता नीट ऐक.

माझं सांगणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. ज्याच्या घरी दुःख आलंय त्याला विचारून बोल, त्याच्या बाजूने बोल, आणि एकदा बोललीस की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्या घराची साथ सोडू नकोस. एवढं निभवायची तयारी असेल तर पोस्ट टाक. नसेल तर नुसत्या बॅनरने त्या घराला काहीही मिळत नाही.

हे मी आपल्याच भंडारा जिल्ह्याकडे बघून सांगते आहे.

मोहाडी तालुक्यातली खैरलांजी आठव. २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलं, चौघांना गावातल्या जमावाने मारून टाकलं आणि प्रेतं कालव्यात फेकली. भैयालाल तेवढे वाचले. त्यांनी पुढे येऊन, आपलं नाव घेऊन लढा दिला, म्हणून मीही त्यांचं नाव घेते. फेसबुक सगळ्यांसाठी खुलं झालं ते त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला. आपल्याकडे तेव्हा ते कुणाच्या गावीही नव्हतं. एवढं मोठं हत्याकांड झालं आणि उरलेल्या महाराष्ट्राला त्याची खरी जाणीव व्हायला महिना लागला. सुरुवातीला कुजबुज चालली ती भैयालाल यांच्या पत्नीच्या चारित्र्याची. दलित कुटुंब, शेतीचा वाद, जातीचा राग, हे सगळं बाजूला राहिलं आणि लोक 'अनैतिक संबंधातून घडलं म्हणे' एवढंच बोलत राहिले. नोव्हेंबरात विदर्भभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी, आर. आर. पाटलांनी, या आंदोलनामागे नक्षलवादी असावेत अशी शंका बोलून दाखवली. रडत, चिडत रस्त्यावर आलेल्या माणसांना त्या वाक्याने काय वाटलं असेल याचा विचार कर. ते न्याय मागायला आले होते, आणि संशय त्यांच्यावरच गेला.

यातून पहिली गोष्ट शिक. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाच्या पहिल्या वाक्याला फार वजन असतं. पीडित माणूस लोकांना पीडित दिसणार की संशयित, हे पुष्कळदा त्या वाक्यावर ठरतं. तुझी खुर्ची लहान आहे असं तुला वाटतं, पण गावापुरती ती मोठीच आहे. म्हणून घटनेच्या पहिल्या दिवशी कारण कधी लिहू नकोस. 'प्रेमप्रकरणातून', 'जुन्या वादातून', 'दारूच्या नशेत' यातलं काहीही तुझ्या हातून जाऊ देऊ नकोस. तुला ते कळलेलं असतं कुणाकडून? बहुतेक वेळा ज्याला काहीतरी लपवायचं आहे त्याच्याकडून.

खैरलांजीची दुसरी बाजू लोक विसरतात, ती तू विसरू नकोस. त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसऱ्या गावच्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. ते भोतमांगे कुटुंबाच्या जवळचे होते. त्या मारहाणीच्या भैयालाल यांच्या पत्नी आणि मुलगी साक्षीदार झाल्या, त्यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली. त्या लोकांना अटक झाली, २९ तारखेला जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर जमाव चालून गेला. म्हणजे मोठी घटना घडण्याआधी एक छोटी घटना घडून गेली होती, आणि साक्ष द्यायची हिंमत करणाऱ्या दोन बायका उघड्यावर होत्या. त्या वेळी त्यांच्या पाठीशी एखादी सरपंच, एखादा जिल्हा परिषद सदस्य, एखादा आमदार उभा राहिला असता तर? मला हे फार आतून वाटतं. जीव गेल्यावर हळहळणारे शेकडो असतात. धमकी आलेली असते तेव्हा त्या दारात जाणारं कुणी नसतं. तुला आवाज मिळालाय ना, तर तो तिथे वापर. कुणा साक्षीदाराला दम दिला जातोय असं कानावर आलं, तर त्याच दिवशी ठाण्यात जा, लेखी दे, पोच घे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच देशभर लागू केली आहे. त्यासाठी अर्ज करता येतो. हे किती साक्षीदारांना माहीत असतं? तुझ्या पेजवर हे लिही. त्याला लाईक कमी मिळतील, मिळू देत.

आता २०१३. लाखनी तालुक्यात फेब्रुवारीत तीन सख्ख्या बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. लहान लहान पोरी होत्या, अत्याचार झाल्याचा आरोप होता. लोकांनी राष्ट्रीय महामार्ग अडवला, देशभर बातमी गेली, दिल्लीपर्यंत प्रश्न विचारले गेले. १ मार्चला केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे राज्यसभेत निवेदन करायला उभे राहिले आणि त्यांनी त्या तिन्ही मुलींची नावं वाचून दाखवली. विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी हरकत घेतली, मग ती नावं कामकाजातून काढून टाकली. पण टीव्हीवर सगळं थेट चालू होतं. एकदा सांगितलेलं नाव परत कसं घेणार? बांधीचा धुरा फुटल्यावर पाणी कुणाकुणाच्या शेतात गेलं हे मागून शोधत बसण्यासारखं आहे ते. शिंदे माणूस वाईट होते असं मी म्हणत नाही. समोर कागद होता आणि त्यांनी तो वाचला. पण देशाच्या गृहमंत्र्यांकडून असं होत असेल, तर रात्री अकरा वाजता घाईघाईने बॅनर बनवणाऱ्या तुझ्या पोरांकडून किती सहज होईल, हे तूच ओळख.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मुलं असतील तर पॉक्सो कायदा आणखी कडक. आणि ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलगी जिवंत नसली तरीही तिचं नाव उघड करायचं नाही. नातेवाइकांना ते उघड करायचंच असेल तर त्यांनी सत्र न्यायाधीशांकडे जावं. नुसतं नाव टाळूनही भागत नाही. शाळा, वडिलांचा धंदा, घराचा फोटो, गल्लीचं नाव, हे जोडून ओळख पटत असेल तर तेही चुकीचंच. तू म्हणशील, गावात सगळ्यांना माहीतच असतं. असतं गं. पण गावाला आज माहीत असणं वेगळं, आणि वीस वर्षांनी त्या पोरीच्या सासरच्या माणसाने फोनवर नाव टाकलं की तुझी पोस्ट वर येणं वेगळं.

ही चूक एका पक्षाची नाही, हेही लक्षात घे, कारण तुझे लोक तुला लगेच 'त्यांच्या नेत्याने केलं' म्हणून दाखवतील. २०२० मध्ये हाथरसच्या अत्याचार प्रकरणात पीडितेची ओळख समाजमाध्यमांवर उघड केल्याबद्दल राष्ट्रीय महिला आयोगाने एकाच वेळी भाजपचे अमित मालवीय, काँग्रेसचे दिग्विजय सिंह आणि अभिनेत्री स्वरा भास्कर यांना नोटिसा पाठवल्या. २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका नऊ वर्षांच्या पीडित मुलीच्या आईवडिलांसोबतचा फोटो राहुल गांधींनी टाकला, तेव्हा बालहक्क आयोगाने हरकत घेतली, ट्विटरने ती पोस्ट हटवली आणि काही दिवस त्यांचं खातंही बंद ठेवलं. २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात अत्याचार करून मारलेल्या डॉक्टर मुलीचं नाव आणि फोटो इतके पसरले की ते सगळीकडून काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तिच्यासाठी कळवळून लिहिणाऱ्यांनीच ते पसरवले होते. कळवळा खरा असून भागत नाही, बाई. हात आवरताही यायला हवा.

फोटोंचा प्रश्न मात्र मला सोपा वाटत नाही. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. तूही सरपंच आहेस, म्हणून हे तुला जास्तच लागलं असणार. मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या छळाचे फोटो बाहेर आले, घराघरात फोन ते फोन फिरले, आणि त्या दबावाखाली ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. फोटो बघून महाराष्ट्र हादरला, हे खरं आहे. खैरलांजीच्या वेळीही प्रेतांचे फोटो हातोहात फिरले, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. मग फोटो दाखवायचे नाहीत असं कसं म्हणायचं, असं तू विचारशील. मी म्हणते, तो निर्णय तुझा नाही. तो घरच्यांचा. त्यांच्या माणसाची शेवटची घटका जगाने पाहावी की नाही, हे त्यांनी ठरवावं. ते स्वतः म्हणाले की बघू द्या जगाला, तर त्यांच्या हिमतीला साथ दे. ते काही बोलले नसतील तर तुझ्या फोनमध्ये आलेला फोटो तुझ्या फोनमध्येच संपव. त्या घरातल्या पोरीबाळींच्या हातातही फोन असतो. आणि जिथे लैंगिक अत्याचाराचा संबंध आहे, तिथे तर घरच्यांनी हो म्हटलं तरी टाकायचा नाही.

घरच्यांचं ऐकायचं म्हणजे आपल्याला न आवडणारंही ऐकायचं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. मारल्या गेलेल्या नौदलातल्या एका तरुण अधिकाऱ्याची पत्नी, लग्नाला आठवडाही झाला नव्हता, ती म्हणाली की मुसलमानांचा, काश्मिरींचा द्वेष करू नका, आम्हाला न्याय हवा. आदल्या दिवसापर्यंत तिच्या फोटोवर अश्रू ढाळणारे कितीतरी लोक तिच्यावर तुटून पडले. शेवटी राष्ट्रीय महिला आयोगाला त्या ट्रोलिंगचा निषेध करावा लागला. ज्यांना तिचं दुःख फक्त आपल्या रागाला इंधन म्हणून हवं होतं, त्यांना तिचं स्वतःचं मत सहन झालं नाही. तू तशी होऊ नकोस.

राग आला की हात फार भराभर चालतो, म्हणून अफवेचंही सांगून ठेवते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजनी त्यांचा जीव घेतला. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्यानंतर त्या घटनेला धर्माचा रंग देणाऱ्या पोस्टी इतक्या झाल्या, की मारणारे आणि मेलेले वेगवेगळ्या धर्मांचे नाहीत, हे गृहमंत्री अनिल देशमुखांना जाहीर सांगावं लागलं. अशा वेळी तुझ्यासारख्या बाईचं एक वाक्य कामाचं असतं. 'मी ठाणेदारांशी बोलले, अशी कुठलीही घटना घडलेली नाही, कुणी अनोळखी दिसला तर हात लावू नका, ११२ ला फोन करा.' एवढं वेळेवर लिहिलंस तर कुणाचा तरी जीव वाचू शकतो. ही पोस्ट मात्र उशीर न करता टाकायची.

आता निकालापर्यंत साथ म्हणजे काय, ते सांगते. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या भंडारा-गोंदिया भागात एका बाईवर सामूहिक अत्याचार झाला. ती नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मरणाशी झुंजत होती आणि इकडे ट्विटरवर सगळ्या पक्षांचे नेते एकमेकांना जाब विचारत होते. पोलिसांच्या वागण्यावर बोट ठेवलं गेलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्या दबावाचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण महिना उलटल्यावर त्यातल्या किती जणांनी तिच्याबद्दल एक ओळ लिहिली? त्याआधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. ती हिंसा नव्हती, पण दुःख तसंच होतं. उजाडता उजाडता पंतप्रधानांपासून सगळ्यांचे शोकसंदेश आले. ते यायलाच हवेत. मात्र रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचं पुढे काय झालं, हा प्रश्न दरवर्षी ९ जानेवारीला विचारणारं कुणीतरी आपल्याच जिल्ह्यातलं हवं. तो तू विचार.

खैरलांजीचा खटला बघ. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं. सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. भैयालाल दिल्लीपर्यंत दाद मागत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये गेले. दहा वर्षांहून जास्त काळ एका माणसाने कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. म्हणून 'आठ दिवसांत फाशी द्या' असं लिहू नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि तसं झालं नाही की त्या घराला फसवल्यासारखं वाटतं. जे तुझ्या हातात आहे ते कर. एफआयआरमध्ये योग्य कलमं लागली का, हे वकिलाला दाखवून घे. अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब असेल तर ॲट्रॉसिटीची कलमं लागली का आणि नियमाप्रमाणे मदतीचा पहिला हप्ता मिळाला का, हे विचार. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठीच दक्षता समिती असते, तिच्यापुढे विषय ने. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर मनोधैर्य योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. तो अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, आणि बायकांना तिथे वकीलही मोफत मिळतो. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं तुला कळलं, तर पोलिसांना सांगणं पॉक्सोप्रमाणे तुझ्यावर बंधनकारक आहे. फेसबुकवर लिहिलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही.

मग पोस्टमध्ये लिहायचं काय, म्हणशील. थोडंच लिही. घटना घडली, मी त्या कुटुंबाला भेटले, गुन्हा नोंद झाला आहे, कुणीही नाव-फोटो पसरवू नका, कुणाकडे माहिती असेल तर ठाण्यात द्या. तुझा फोटो नको. मेणबत्ती नको. भेटायला गेलीस तर फोन गाडीत ठेव आणि सोबतच्या पोरांनाही ठेवायला सांग. पहिल्या दिवशी काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. लोक 'गप्प का' म्हणतील. त्यांना सांग, मी ठाण्यात बसले होते.

आणि हे सगळं करताना तुझी झोप उडेल, छातीत धडधडेल, शिव्या येतील. बाई म्हणून तर जास्तच येतील. घाणेरडं कुणी लिहिलं तर स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे दे. ऑनलाईन छळाची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही करता येते. एकटीने सोसत बसू नकोस, मला फोन कर, कितीही वाजले असू देत.

या आठवड्यात दोन कामं कर. पेज सांभाळणाऱ्या पोरांना बसवून घेऊन सांग, की अशा घटनेत मी स्वतः वाचल्याशिवाय एक अक्षरही जाणार नाही. आणि एक वही कर. तुझ्या भागात घडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा गुन्हा क्रमांक, तपास अधिकारी, कोर्टाची पुढची तारीख तीत लिही. तारखेच्या आदल्या दिवशी त्या घरी फोन करून विचार, उद्या सोबत कुणी आहे का? नसेल तर तू जा. तुझा निषेध किती खरा होता, हे त्या घराला त्या दिवशी कळेल.